तारेवरचं हळदकुंकू

नखत्राणा, कच्छ
१८ मार्च २०२४

अप्पा,

पाया पडतो, पण रागानं पडतो.

काल वृषीशी फोनवर बोललो. विचारलं, खोकं उघडलं का? तर म्हणाली, "दादा, खोक्यावर कोंबडी बसवलीय अंड्यांवर." माझं डोकंच फिरलं. अप्पा, ते खोकं कोंबडीच्या बाळंतपणासाठी नाही पाठवलेलं. त्यात तांब्याची पट्टी आहे, टोकदार दांडा आहे, पट्टी भिंतीला आवळायचे क्लॅम्प आहेत. इथल्या ट्रकवाल्याच्या हातापाया पडून पिरंगुटपर्यंत पोचवलं. तिथून वृषीनं उरवड्याच्या कंपनीतली ड्यूटी सुटल्यावर बसमधून मांडीवर घेऊन आणलं. आणि तुम्ही त्याच्यावर कोंबडी बसवली.

फोनवर तुम्हाला सांगायची सोय नाही. तुम्ही "आँ? आँ?" करता आणि फोन आईच्या हातात देता. वृषीच्या मोबाईलवर लिहून पाठवलं तर म्हणता, काचेवरचं अक्षर कुणाचं पण असतं, कागद पाठव. म्हणून आठवीत शाळा सोडलेला माणूस इथं पत्र्याच्या खोलीत कागद काळे करतोय. चुका काढत बसू नका, अर्थ बघा.

आपला भैरोबा डोंगराच्या पार टोकावर. आख्ख्या कासार आंबोलीत त्याच्याइतकं उंच काही नाही. तेवढं कमी होतं म्हणून गेल्या वर्षी बंगल्यावाल्या साहेबानं झेंड्याला लोखंडी खांब दिला आणि तुम्ही सगळ्यांनी तो वाजतगाजत देवळाला चिकटून उभा केला. आता वळीव येतील. तुम्ही संध्याकाळी दिवा लावायला वर जाणार, आभाळ गडगडलं तरी जाणार, कारण दिवाबत्ती आपल्या घराकडे. वीज पडली तर त्या खांबावर पडणार, आणि खांबाजवळ तुम्ही.

तुमचे कान कसे गेले ते विसरलात का? मी पाळण्यात होतो. तुम्ही देवळात घंटा वाजवत होता आणि मागच्या उंबरावर वीज पडली. झाड उभं चिरलं, आणि तुम्हाला त्या दिवसापासून घंटा ऐकू आली नाही. मी जन्मभर तुमच्याशी ओरडून बोललो. इतकं की पिरंगुटच्या कारखान्यात सगळे म्हणायचे, सिद्ध्या, भांडतोय का बोलतोय?

खोक्यातली ती पट्टी म्हणजे विजेची तार, ती तुम्हाला वाचवायला आहे. दांडा देवळाच्या वर, खांबापेक्षा हातभर उंच. त्याला पट्टी जोडून भिंतीवरून खाली आणायची, खांबालाही जोडायची. शेवटी जमिनीत खड्डा, खड्ड्यात मीठ आणि कोळसा, आणि तो खड्डा कायम ओला पाहिजे. सगळं चित्र काढून खोक्यात ठेवलंय. कोंबडीखाली आहे.

कळत असेल तर कळावे.

सिद्धांत


कासार आंबोली
१० एप्रिल

सिद्धांत,

आशीर्वाद हायेत. तू रागानं पाया पड न्हाईतर उड्या मारत पड, त्ये ठरलेलेच हायेत.

कोंबडी उठवली. पिल्लं झ्याक निगाली. चित्र बघितलं. तुला चित्र काडाया येतं हे म्हाईत नव्हतं, पर भैरोबाचं देऊळ तू कांद्याच्या चाळीवानी काडलंयस.

आता ऐक. तू म्हणतोस तार लावा. मी कोण लावणारा? देवाच्या डोक्यावर काय ठेवायचं तर देवाला इचारावं लागतं. तू लई दिस भायेर हायेस, इसरला असशील, म्हणून लिवतो. पाडव्याला आंघूळ करून वर गेलो. तगरीच्या दोन पाकळ्या ओल्या केल्या, देवाच्या उजव्या खांद्याला एक न डाव्या खांद्याला एक चिकटवली. मग गाऱ्हाणं घातलं, "देवा, पोरगं परमुलखातनं म्हणतंय तुजी वीज अडवायची तार लावू. लावू का?" उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. गाऱ्हाणं तोंडातनं सुटतंय न सुटतंय तवर डावी पडली. अशी पडली की जशी कुणी झटकली. आता तूच सांग, मी काय करू?

माज्या कानांचं तू सारखं काडू नगंस. मला त्याचा राग न्हाई. त्या दिशी देव माज्या कानाजवळनं गेला. जाता जाता काय तरी बोलला. पर इतक्या मोठ्यानं बोलला की मला कळलंच न्हाई. तवापासून इचार करतोय, काय म्हणाला असंल. तुज्या तारेनं त्याचं उत्तर मिळणार हाय का?

आनि एक. तू आदी पिरंगुटात पंखे जोडत व्हतास, मग ढाब्यावर, मग टेंपोवर, आता त्या वाऱ्याच्या चक्कीवर. एका जागी बूड टेकत न्हाई तुजं. त्ये असू दे. मी इचारतो त्याचं उत्तर दे. ती तुजी चक्की केवडी उंच? तिच्यावर वीज पडती का? पडती तवा तू कुटं असतोस?

आई बरी हाय. वृषाली बरी हाय. तीबी तुज्यावानीच मोठ्यानं बोलती.

तुजा अप्पा


नखत्राणा
१७ एप्रिल

अप्पा,

पाया पडतो. दात खाऊन पडतो.

तुम्ही देवाला विचारलंत काय, तर "तुझी वीज अडवू का?" अहो, उद्या कुणी आपल्या दारात येऊन म्हणालं, "सोपानराव, तुमचं घरात यायचं बंद करू का?" तर तुम्ही त्याला काय पानसुपारी द्याल? काठी काढाल. भैरोबानं पाकळी झटकली ती बरोबर झटकली. मी त्याच्या जागी असतो तर दोन्ही झटकल्या असत्या.

तार वीज अडवत नाही. अडवायची ताकद कुणाच्या बापात नाही. वीज आभाळातून निघाली की तिला जमिनीत जायचंच असतं. वाट मिळाली नाही तर ती झाडातून जाते, भिंतीतून जाते, माणसातून जाते. वाट दिली तर मुकाट वाटेनं जाते. तार म्हणजे वाट. एवढंच. हे देवाला नीट सांगा आणि परत विचारा. म्हणा, "देवा, तू येतोस तर येच, तुला उतरायला वाट करू का?"

आता मला हसाल, पण सांगतो. इथं माळावर जिकडं बघाल तिकडं चक्क्या. वारा असला की पाती अशी फिरतात की खाली उभा माणूस आपोआप वाकतो. आणि वारा गेला की सगळं रान मुकाट. परवा मोठ्या ऑफिसचा साहेब आला होता, नेमका वारा पडला. साहेब फोनवर कुणाला तरी सांगतोय, "वारा अजून आला नाही." जसा काय ड्रायव्हरनं उशीर केलाय. मला हसू आवरेना. एवढं लोखंड, एवढी मशिनं, एवढे शिकलेले लोक, आणि सगळे मान वर करून कुणाची तरी वाट बघतायत. आम्ही वारा करत नाही, वारा धरत नाही. तो जिकडून येईल तिकडं तोंड करून उभं राहायचं, हीच आमची नोकरी. मला वाटलं, अप्पा वर देवळात हेच करतात की. फक्त त्यांना पगार नाही.

पण हे तुम्हाला सांगून काय उपयोग. तुम्ही पाकळ्या चिकटवा.

चक्कीचं काय विचारता? उंच आहे. सगळ्याच असतात. माझं सोडा. खड्डा कुठं काढणार ते लिहा.

सिद्धांत


कासार आंबोली
२६ एप्रिल

सिद्धांत,

तुजं दात खाणं हितवर ऐकू आलं, मला बहिऱ्यालाबी.

तू लिवलंस तसं केलं. पुनवेला जत्रा, समदं गाव वर. मी मनात म्हणलं, चार माणसांदेखत इचारलेलं बरं. तुजंच वाक्य म्हणलं, "देवा, तुला उतराया वाट करू का?" आनि बसलो. पाकळी पडंना. डावी न्हाई, उजवी न्हाई. ऊन चढलं, डोळ्यात घाम गेला, पाकळ्या सुकाया लागल्या, पर खाली येईनात. माणसं कटाळली. कुणी म्हणालं जेवून येतो.

मग लागले की बोलाया. मला ऐकू येत न्हाई म्हणून माज्या तोंडावर बोलत्यात, पर मी ओठ वाचतो हे समद्यांस्नी म्हाईत हाय, तरी बोलत्यात. चंद्राबाई म्हणाली, "सोपानरावाचं पोरगं देवाला नळ बसवतंय." दुसरा म्हणाला तार बघून ढग बिचकतील, पाऊस पलीकडच्या खोऱ्यात जाईल, मग भात कुटं लावायचा, सिद्धांतच्या डोक्यावर? मी म्हणालो, तार ढगाला धरत न्हाई, ती नुस्ती वाट हाय. चंद्राबाई म्हणाली, "देवाला वाट दावणारा त्यो कोण? आठवी नापास!" मी म्हणालो नापास न्हाई, सोडली. तर समदी हसली.

आता नेम असा हाय. कौल दोनदा लावायचा. तिसऱ्यांदा देवाला तरास द्यायचा न्हाई. पाकळ्या चिकटून ऱ्हायल्या म्हंजी देवानं सेवेकऱ्यावर टाकलं. म्हंजी माज्यावर. आनि मला काय सुदरंना. माजं म्हणणं इतकंच, ज्यानं वाट काडलीय त्यानंच येऊन ती बांधावी. तू मागच्या दिवाळीला आला न्हाईस, त्याच्या आदल्याबी न्हाई. तू ये, मी हात लावतो.

आनि चक्की केवडी उंच त्ये तू लिवलं न्हाईस. "माजं सोडा" म्हणून लिवलंस. कसं सोडू?

अप्पा

(दादा, ही मी वृषाली, आई सांगतेय ते लिहितेय. "तुझ्या अप्पांना गडगडाट ऐकू येत नाही, त्यामुळं आभाळ भरलंय हे कळतच नाही. परवा मी त्यांचा सदरा धरून ओढलं तर म्हणाले, पाऊस आला तर छत्री आहे. छत्रीला वर लोखंडी टोक आहे. तूच सांग आता यांना.")


नखत्राणा
५ मे

अप्पा,

आज पाया पडत नाही.

मी येऊ शकत नाही. इथं काम अर्धवट टाकून निघालो तर परत घेणार नाहीत, आणि मग तुम्हीच म्हणाल, बघा, बूड टेकत नाही. माझी सुट्टी जूनशिवाय नाही. वळीव जूनपर्यंत थांबणार आहेत का माझ्यासाठी?

तुम्ही चक्कीचं विचारलं. ऐका मग. आपल्या डोंगराचं देऊळ आणि खालची वाडी यांच्यात जेवढी चढण आहे ना, तेवढा सरळ उभा खांब. आत शिडी. मी वर जाऊन बोल्ट आवळतो. महाशिवरात्रीच्या आधी इथं अवेळी आभाळ आलं. मी खांबात होतो, खाली दारापाशी. सगळ्यांना आत या म्हणून ओरडलो. मनीष म्हणून एक पोरगा आहे, बिहारचा, माझ्याच खोलीत राहतो. तो म्हणाला, लोखंडात कोण मरायला येतंय, आणि पळत जाऊन बाभळीखाली बसला.

वीज आमच्या चक्कीवर पडली. पात्यावर. पांढरं झालं सगळं. मी आत होतो आणि मला काहीसुद्धा झालं नाही, कारण पात्यापासून जमिनीपर्यंत तिला तार आहे. मग दुसरी पडली ती बाभळीवर.

मनीष जिवंत आहे. पण त्याला ऐकू येत नाही. मी "मनीष" म्हणून हाक मारली तेव्हा तो माझ्याकडं बघून "आँ?" म्हणाला. अप्पा, तो अगदी तुमच्यासारखं "आँ?" म्हणाला, मान तशीच एका बाजूला करून. त्याला गावी पोचवला, त्याच्या आईला मी ओरडून बोलायचं कसं ते शिकवून आलो. आल्यावर पहिलं काम केलं ते खोकं पाठवायचं.

हे मी लिहिणार नव्हतो. आई घाबरेल म्हणून "माझं सोडा" म्हणालो. पण तुम्ही सोडत नाही.

तुम्हाला वाटतं मी देव मानत नाही. अहो, त्या दिवशी मी त्याला हाताच्या अंतरावरून जाताना बघितलाय. केवढा आहे तो! कुणी सांगून समजणार नाही. आमचा एवढा खांब त्याच्यापुढं काडी. त्याला अडवायचा विचार ज्यानं बघितलंय त्याच्या डोक्यात येणारच नाही. बाजूला व्हावं, वाट द्यावी, एवढंच सुचतं. तुमची पूजा ती आणखी काय असते?

मग ते तांबं देवळाला लागलं तर देवाचं काय जातंय? आणि देवानं तुमच्यावर सोपवलंय ना? मग देवाला विचारू नका, गावाला विचारू नका. मी विचारतोय, मला उत्तर द्या. तार लावता का नाही?

सिद्धांत


कासार आंबोली
१३ मे

सिद्धांत,

लावली.

तुजं पत्र वृषालीनं वाचून दावलं, मग मी परत वाचलं. तुज्या आईला पयलं पान दावलं, दुसरं न्हाई. मनीषच्या आईला माजा नमस्कार कळव. तिला म्हणावं, पोराकडं बघून बोलायचं, पाठमोरं बोलायचं न्हाई. बाकी समदं जमतं.

अक्षय्य तृतीयेला काम काडलं. वृषालीला सुट्टी व्हती. ती तुजं चित्र धरून उभी, "अप्पा, आवळा! अजून आवळा!" म्हणून माज्याकडं तोंड करून वरडत व्हती. शिडी लावून दांडा बसवला, खांबाला पट्टी जोडली, भिंतीवरनं खाली आणली. पर खड्ड्याला आलो आनि अडलो. वर समदा कातळ. पहार मारली की नुस्त्या ठिणग्या. तुला काय, कच्छात माती असंल. दुपारपोत्तर कातळच ठोकला.

मग बसल्या बसल्या ध्यानात आलं. भैरोबाच्या आंघुळीचं पाणी भिंतीतल्या मोरीतनं मागं जातं न्हवं का, तितं एक घळ हाय. शंबर वर्सं त्यात पाणी मुरतंय, तितं माती काळी न मऊ. भर उन्हाळ्यातबी गार. तितं खणलं, पहार सरसर आत गेली. मीठ घातलं, कोळसा घातला, वर दगड रचले. आता रोज देवाला आंघूळ घातली की तुजा खड्डा आपोआप ओला ऱ्हातो. तुज्या चित्रात हे नव्हतं.

चंद्राबाई बघाया आली. मी म्हणालो, देवाच्या आंघुळीच्या पाण्यातनं त्यो खाली जाणार. ती खड्ड्यात वाकून बघून गेली. दुसऱ्या दिशी हंडा घेऊन आली न म्हणाली, मीबी घालते एक हंडा.

आनि बाबा, एकदा वाट झाली म्हंजी तिची पूजा व्हायला पायजेल. तारेला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. आता वर येणारा जो त्यो आदी तारेला हात लावून पाया पडतो, मग देवाच्या. पोरांचं कपाळ टेकवत्यात. तुजं नाव सांगतो मी समद्यांस्नी. आता तुज्या जिवाला घोर न्हाई. आभाळ आलं तरी मी निवांत तारेपाशी बसतो.

अप्पा


नखत्राणा
२० मे

अप्पा,

हात लावू नका!!

तुमचं पत्र वाचून मी ताडकन उठलो आणि पत्र्याला डोकं आपटलं. वृषीला फोन केला, ती कामावर, फोन बाहेर जमा. आईला केला, रेंज नाही. संध्याकाळी वृषी भेटली, तिला सगळं सांगितलंय. पण तुम्ही कागदाशिवाय मानणार नाही, म्हणून स्पीडपोस्टानं हे पाठवतोय. देवा, काय माणसं आहेत ही! मी यांना वाचवायला तार पाठवली, यांनी तिलाच मिठी मारली!

तार देवळाला वाचवते. खांबाला वाचवते. तारेला धरून बसलेल्या माणसाला वाचवत नाही! आभाळ भरलेलं असताना तारेला हात लावला तर जे तुमच्या कानांचं झालं ते सगळ्या अंगाचं होईल. पोरांची कपाळं टेकवता?

आता तुम्हाला कसं सांगू? मीच चुकलो का? चित्रात सगळं काढलं, माणूस कुठं उभा राहणार ते काढलं नाही.

बरं, तुमच्या भाषेत सांगतो. ती वाट कुणाची? देवाची. पालखी येते तेव्हा वाटेत कुणी बसतं का? वाट झाडून बाजूला होतात ना? मग हा नेम सगळ्या गावाला सांगा. आभाळ काळं झालं म्हणजे तो निघाला. तो निघाला की डोंगर त्याचा. त्या वेळी वर एकसुद्धा माणूस थांबायचा नाही. तारेला हात नाही, खांबाला हात नाही, खड्ड्याजवळ पाय नाही, झाडाखाली बसायचं नाही. सगळ्यांनी खाली येऊन घरात बसायचं. दिवा राहिला तर राहिला. तो स्वतः एवढा उजेड घेऊन येतोय, त्याला तुमची वात नाही दिसली तर बिघडत नाही.

आणि तुम्हाला गडगडाट ऐकू येत नाही. तेव्हा आईनं पदर हलवला की उठायचं. वाद घालायचा नाही.

मला रोज सकाळी फोन उचलायची भीती वाटते.

सिद्धांत


कासार आंबोली
२ जून

सिद्धांत,

वृषालीचा फोन तुला आला असंल. ती म्हणाली, "दादाला मी नुस्तं समदे बरे हायेत म्हणाले न रडाया लागले." म्हणून तुला काय झालं त्ये कळलं नसंल. मी लिवतो.

तुजा कागद दुपारी आला. वाचला. परत वाचला. पयल्यांदा राग आला, म्हणलं ह्यो पोरगा मला देवाजवळनं उठवतोय. मग त्यो पालखीचा शब्द वाचला, न राग उतरला. बरोबर हाय. आमीच वाटेत बसलो व्हतो.

त्याच दिशी चार वाजता चंद्राबाई दोन नातवंडं घेऊन वर निगालेली. मला तिचं बोलणं ऐकू येत न्हाई, पर मीबी तिला बोलू दिलं न्हाई. वाटेत आडवा उभा ऱ्हायलो, म्हणालो, आभाळ बघ, देव निगालाय, आता डोंगर त्याचा, माघारी फिर. ती म्हणाली, "ह्यो नेम कवापासनं?" मी म्हणालो, आजपासनं. देवानं सिद्धांतच्या हातनं लिवून धाडलाय. कागद दावला. अक्षर बघून म्हणाली, "देवाचं अक्षर लई वंगाळ हाय," पर माघारी फिरली. माज्याबरोबर आपल्याच ओट्यावर येऊन बसली, घाम पुसत, मला शिव्या देत.

मग त्यो आला.

मी ओट्यावरनं बघत व्हतो. ढग डोंगरावर टेकला. आनि वरनं एक उभी रेघ आली, बरोबर आपल्या दांड्यावर. मला आवाज न्हाई आला. पर ओट्याची फरशी तळपायाखाली हालली, न छातीत कुणी तरी हाक मारल्यावानी झालं. चंद्राबाईनं दोन्ही नातवंडं पदरात घेतली. तुजी आई माजा हात धरून बसली व्हती, तिनं नखं रुतवली, त्याचे वण अजून हायेत.

दुसऱ्या दिशी उजाडल्यावर समदे वर गेलो. देवळाला चरा न्हाई. पत्रा हाय तसा. खांब हाय तसा. भैरोबा शांत. पर तारेवरली झेंडूची माळ जळून नुस्ता दोरा ऱ्हायला, हळदकुंकू काळं पडलं. आनि खड्ड्यावरचे दगड उडून पार बाहेर पडल्यात, माती भाजल्यावानी. जितं माणसं कपाळ टेकवत व्हती तितंच. चंद्राबाई त्या काळ्या कुंकवाकडं बघत ऱ्हायली. तिला न बोलताना मी पयल्यांदा बघितलं.

आता गावानं नेम केलाय. आभाळ आलं की डोंगर मोकळा. तारेला हळदकुंकू लांबनं वाहायचं. वरच्या पायरीवर पाटी लावाया वृषालीनं लिवून दिलंय. खाली तुजं नाव टाकू का म्हणून इचारत व्हते, मी नगं म्हणालो. देवाच्या वाटेवर आपलं नाव कशाला.

आनि एक गोष्ट. त्या दिशी मला वाटलं, येवढी वर्सं ज्याचा इचार करत व्हतो त्ये कदाचित येवढंच असंल. घंटा वाजवत उभा व्हतो तवा त्यो माज्या कानाशी येऊन येवढंच म्हणाला असंल, बाजूला व्हय. मला ऐकाया लई येळ लागला.

खड्डा परत भरायचाय. मीठ, कोळसा न्यायचाय. तू लिवलं व्हतंस, देवाला इचारू नका, मी इचारतोय, मला उत्तर द्या. आता मी तसंच करतो. ह्याच्यासाटी कौल लावला न्हाई. तुलाच इचारतो.

कवा येतोस?

अप्पा


नखत्राणा
९ जून

अप्पा,

पाया पडतो. आज नीट पडतो.

पत्र वाचून खोलीबाहेर येऊन बसलो. वारा लागला होता, सगळ्या चक्क्या फिरत होत्या. मला मनीषची आठवण आली. त्याला तुमचं ते लिहून पाठवलंय, पाठमोरं बोलायचं नाही ते.

सुट्टीचा अर्ज दिला. सुपरवायझर म्हणाला, क्यों, घर में कोई बीमार है? मी म्हणालो, नाही, देवाची वाट खचलीय, भरायला जायचंय. त्यानं अर्ज परत वाचला आणि सही केली.

पंधरा तारखेच्या गाडीनं निघतो. खड्ड्याला मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पहार तिथंच असू दे. आईला सांगा भाकरी करून ठेव.

आणि ती छत्री घरात ठेवा. बाहेर काढलीत तर मी परत पत्र लिहीन.

सिद्धांत